एका आचेवर तीन मजले

चूक वाळूची होती, हे ओराझालीचं म्हणणं आजही बदललेलं नाही. यंत्रात खोट नव्हती, आखणीत खोट नव्हती आणि करणाऱ्यात तर नव्हतीच नव्हती. अठ्ठावीस वर्षं तंत्रशाळेत पोरांना वाफ आणि दाब शिकवलेल्या माणसाला कपात चहा किती पडेल हे कळू नये? पण लोकांचं काय, दुसऱ्याची फजिती झाली की त्यांना कारण ऐकून घ्यायचं नसतं. त्यांना ती पुन्हा पुन्हा सांगायची असते, आणि तीही जेवताना.

सुरुवात झाली व्याह्यांच्या एका वाक्यापासून. ओराझालीची एकुलती मुलगी साउले अल्माटीहून सातशे किलोमीटर लांब, शिमकेंतला दिलेली. तिचा मुलगा अर्नूर अकरा महिन्यांचा झाला आणि भिंत धरून चालायला लागला. म्हणजे त्याची दोरी कापायची वेळ आली. पोर पावलं टाकायला लागलं की त्याच्या घोट्यांना काळ्या-पांढऱ्या पिळाची दोरी बांधायची, आणि कुणा लायक माणसाने ती सुरीने कापायची. पोर मग त्या माणसाच्या गुणावर जातं. त्यामुळे सुरी कुणाच्या हाती द्यायची, यावरून भल्याभल्या घरांत अबोले धरले गेले आहेत. ओराझालीला नातवाचं तोंड वर्षातून दोनदा दिसायचं. निदान दोरी तरी आपल्या हातून कापली जावी, एवढीच त्याची इच्छा होती, आणि ती त्याने फोनवर आडून आडून बोलून दाखवली.

व्याही दुइसेनबाय म्हणजे रेल्वेच्या कारखान्यात चाळीस वर्षं फिटर. ते खाकरले आणि म्हणाले, "बघू या, व्याही. माणूस असा पाहिजे, की ज्याने हाती घेतलेलं काम तडीस नेलंय."

हा टोला कुणाला होता, हे ओराझालीला कुणी समजावून सांगायला नको होतं. बारशाला त्याने स्वतः बनवलेला, आपोआप झुलणारा पाळणा धाडला होता. धुण्याच्या यंत्राची मोटर लावलेला. अकरा दिवस तो उत्तम झुलला. बाराव्या दिवशी तो झुलत झुलत खोलीच्या दारापर्यंत चालत गेला. तेव्हा तो रिकामा होता, ही गोष्ट मात्र शिमकेंतमध्ये कुणीही सांगत नाही.

"जूनमध्ये कापचागायच्या तळ्यावर या," ओराझाली फोनमध्ये गरजला. "विहीणबाईंना आणा, साउलेला आणा, नातवाला आणा. माझ्या गाडीत, माझ्या शेगडीवर, माझ्या हातच्या साधनांवर रांधलेलं जेवा. मग बोलू दोरीचं!"

त्याने फोन ठेवला. त्याची बायको रैखान दारात उभी होती.

"कसली साधनं?" तिने विचारलं.

साधनं अजून व्हायची होती. गाडी होती. जुनी, चौकोनी, नाक नसलेली. सगळा मुलूख तिला 'पाव'च म्हणतो. ओराझालीने तिच्यात दोन बाकं, एक फळी आणि एक सिंकही बसवलं होतं. शेगडीसाठी मात्र जागा उरली होती ती एका बर्नरपुरती. आता एका बर्नरवर व्याह्यांचं जेवण कसं व्हावं? दुसऱ्या कुणी हात टेकले असते. ओराझालीने कागद घेतला. शेगडीवर आधी भाकरी, दोन बिडाच्या तव्यांमध्ये बंद करून, आपल्या आज्या निखाऱ्यांत भाजायच्या तशी. त्या तव्यांवर मंतीचा डबा. मंती म्हणजे मटण-कांद्याचं सारण भरलेले, वाफवलेले मोदकच म्हणा. त्यातून वर निघणारी वाफ फुकट का घालवायची? तिच्यावर चहाची टाकी. टाकीतून एक नळी खाली खिडकीपाशी, तिला स्प्रिंगची तोटी. एक आच, तीन मजले.

"अहो, तीन दगड मांडा, कढई ठेवा, मटण शिजतं," रैखान म्हणाली. "आपल्या आज्यांनी सगळं माळरान असंच पालथं घातलं."

"आज्यांना उष्णतेचा अपव्यय म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं."

"त्यांना भूक म्हणजे काय हे ठाऊक होतं."

तोटीचं तर तिने कौतुक करायला हवं होतं, कारण ती तिच्याच मनगटासाठी होती. पाहुणे आले की घरातली बाई तीन-तीन तास चहा ओतत बसते, आणि ओतायचा तोही कसा, तर कपाच्या तळाशी जेमतेम दोन घोट. पाहुण्याने पुन्हा कप पुढे करावा, आपण पुन्हा दोन घोट घालावे, यातच सारा मान. काठोकाठ भरून दिला तर त्याचा अर्थ एकच, प्या आणि निघा. ओराझालीची स्प्रिंग अशी जुळवलेली होती की एकदा दाबलं की बरोब्बर दोन घोट पडणार. हात थकणार नाही आणि कुणाच्या मानात थेंबाचाही फरक पडणार नाही. यात हसण्यासारखं काय होतं, हे त्याला अजून कळलेलं नाही.

काम गॅरेजात सुरू झालं, आणि गॅरेजात काम सुरू झालं की सल्ला आपल्या पायांनी चालत येतो. शेजारच्या गाळ्यातला म्हातारा वेल्डर स्तेपान इग्नातिच रोज सकाळी स्टूल घेऊन यायचा. जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्याच्याकडे एकच उपाय होता.

"रिव्हेट कसली मारतोस? वेल्डिंग मार."

"अॅल्युमिनियम आहे हो ते."

"मग पोलाद आण आणि वेल्डिंग मार."

दुसरा सल्ला घराच्या मागच्या अंगणातून आला. हायरिनिसा आपा, उइगूर बाई, साऱ्या गल्लीत मंतीच्या बाबतीत शेवटचा शब्द तिचा. तिने डबा उघडून पाहिला आणि तोंडावर हात ठेवला.

"दोनच चाळण्या? भावा, पाहुणे बोलावलेत की चिमण्या?"

"सहाच तर माणसं आहेत, आपा. त्यातलं एक तर दात नसलेलं."

"व्याह्यांना एका ताटात मोजून मंती वाढशील? उद्या शिमकेंतमध्ये काय ऐकू येईल, सांगू? चार चाळण्या कर."

ओराझालीने चार केल्या. रचना पूर्ण उभी केल्यावर टाकीचं डोकं गाडीच्या छपराच्या एक वीत वर जात होतं. माणूस अशा वेळी चाळण्या कमी करतो, असं रैखानचं मत पडलं. पण हाती घेतलेलं काम तडीस न्यायचं होतं. ओराझालीने छपराला गोल भोक पाडलं, त्यावर उघडझाक करणारं झाकण बसवलं, आणि स्तेपान इग्नातिचला अखेर वेल्डिंग मारायला मिळालं.

भोकामुळे कचेरी आली. गाडीच्या रचनेत बदल केला की नोंद हवी, असं वाहनांच्या कचेरीत सांगतात, आणि चौथ्या खिडकीशी पाठवतात. चौथ्या खिडकीतल्या मुलीने फोटो पाहिले.

"छपराला भोक कशाला?"

"वाफ जायला."

"गाडीतून वाफ कुठली?"

"जेवणाची."

"म्हणजे तुम्ही जेवण विकता."

"विकत नाही, बाई. व्याह्यांना घालणार आहे."

तिने पडद्यावर वर-खाली शोधलं. "व्याही असा रकाना नाही, काका."

"मग कुठले रकाने आहेत?"

"भोक असलेल्या गाड्यांत? रुग्णवाहिका, प्रेतवाहतूक, फिरतं खाद्यगृह."

ओराझालीने तिन्हींचा विचार केला. दुसऱ्यावर तो क्षणभर रेंगाळलादेखील, कारण दुइसेनबाय त्या गाडीतून फिरताहेत हे चित्र मनाला गारवा देणारं होतं. पण शेवटी सभ्यपणा आडवा आला आणि त्याने खाद्यगृहावर बोट ठेवलं. खाद्यगृह म्हटलं की तब्येतीचा दाखला आला. पुढचे अठरा दिवस त्याची छाती तपासली गेली, रक्त तपासलं गेलं आणि ज्या वस्तू माणूस डॉक्टरखेरीज कुणाला दाखवत नाही त्याही डबीत घालून तपासल्या गेल्या. तंत्रशाळेत अठ्ठावीस वर्षं पोरांनी ज्याच्यासमोर उभं राहून उत्तरं दिली, त्याला एका नर्सने पांढरी टोपी घालून केस झाकतात का ते दाखवायला लावलं. सगळं पार पडलं. मग गाडी तपासायला आलेल्या निरीक्षकाने शेवटची अट सांगितली. गाडीच्या दोन्ही अंगांना, वीतभर उंचीच्या लाल अक्षरांत, कझाक आणि रशियन अशा दोन्ही भाषांत पाटी हवी: गरम जेवण. आणि शेगडी पेटलेली असताना पाटी झाकायची नाही.

"पण मी विकत नाही!" ओराझाली ओरडला.

"मग नका विकू," निरीक्षक म्हणाला. "पाटी मात्र हवी."

जूनमधल्या ठरलेल्या रविवारी तळ्यावर ही गर्दी. ओराझालीने पाण्यापासून दूर, वाळूच्या चढावर पाव उभा केला, मागच्या चाकाखाली दगड दिला आणि पाणसळ लावून पाहिली. बुडबुडा मधोमध. हे तो शपथेवर सांगतो. शेगडी पेटली, तव्यांत भाकरी गेली, रैखानने पहाटे उठून भरलेल्या ऐंशी मंती चार चाळण्यांवर चढल्या, टाकीने छपरातून डोकं बाहेर काढलं.

दुपारी पांढरी मोटार आली. दुइसेनबाय उतरले. उंच, ताठ, डोक्यावर उन्हाळी हॅट, अंगात त्या उकाड्यातही कोट. मागून विहीणबाई बातिमा, आणि साउले, आणि तिच्या कडेवर अर्नूर. ओराझालीने नातवाला घेतलं. पोराने आजोबाच्या खिशातला पेचकस काढून तोंडात घातला. ओराझालीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते वाफेवर ढकललं.

"व्याही, हे काय?" दुइसेनबायनी वर पाहिलं. "बोटीचं धुराडं?"

"एक आच, तीन मजले," ओराझाली म्हणाला, आणि त्याने सगळं समजावलं. दुइसेनबाय वाकून वाकून रिव्हेट बघत होते. फिटर माणूस रिव्हेट बघतो तेव्हा त्याच्या तोंडावरून काही कळत नाही. मग त्यांनी लाल अक्षरं वाचली.

"धंदा काढलात का?"

ओराझाली सांगणार, इतक्यात मागून आवाज आला. "काका, मंती आहेत ना? वास येतोय." ओल्या अंगाने एक बाई, नवरा आणि तीन पोरं उभी होती.

"विकायच्या नाहीत," ओराझाली म्हणाला.

"पाटी आहे की."

"पाटी कचेरीची आहे!"

"बरं, राहू दे," बाई पोरांना म्हणाली. "चला. घरी गेल्यावर खाऊ."

सगळ्यात लहान पोराने मंतीच्या डब्याकडे वळून पाहिलं. आता दारी आलेला अनोळखी माणूस म्हणजे देवाने धाडलेला पाहुणा. त्याला उपाशी परत धाडायचं नाही, हे आपल्याकडे पोर बोलायच्या आधी शिकतं. ओराझालीला ते ठाऊक नव्हतं असं नाही. पण ऐंशी मंती आणि व्याही एक, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

"आमच्या शिमकेंतकडे," दुइसेनबाय तळ्याकडे बघत सावकाश म्हणाले, "आलेल्याला रिकाम्या तोंडी वाटेला लावत नाहीत. तुमच्या अल्माटीचं मला ठाऊक नाही."

झालं. ओराझालीने डबा उघडला. पाच माणसांना प्रत्येकी पाच. ती माणसं पैसे द्यायला लागली, तेव्हा त्याला इतका राग आला की त्याने आणखी दोन-दोन वाढल्या. आणि किनाऱ्यावर एक माणूस फुकट गरम मंती वाटतोय, ही बातमी सांगायला कुणाला धावावं लागलं नाही. अर्ध्या तासात पावाच्या अंगाला टेकून रांग उभी होती. छत्र्यांसकट, पोहायच्या हवा भरलेल्या चकत्यांसकट, एक तर कुत्र्यासकट. ओराझाली वाढत होता आणि प्रत्येक ताटागणिक त्याचा चेहरा अधिकाधिक दानशूर आणि अधिकाधिक तांबडा होत होता. शेवटी तिसऱ्या चाळणीला चिकटलेली एक फाटकी मंती उरली, ती अर्नूरने खाल्ली.

रांग पांगली. पावाला टेकलेल्या माणसांच्या भाराने मागचं चाक दगडावरून सरकून वाळूत रुतलं होतं. पाणसळीकडे तेव्हा कुणी पाहिलं नाही. म्हणून म्हटलं, चूक वाळूची.

"हरकत नाही!" ओराझाली हात चोळत म्हणाला. "पुण्य झालं. आता चहा. आणि भाकरी होतेच आहे. व्याही, हा कप घ्या. नाही, मी नाही ओतणार, तुम्हीच या. इथे धरा, आणि इथे दाबा. एकदाच. बघा तर खरं."

दुइसेनबायनी हॅट काढून पत्नीकडे दिली, कप धरला आणि तोटी दाबली.

दोन घोट पडले. मग तिसरा. मग चौथा. दुइसेनबायनी बोट काढून घेतलं, तरी चहा येतच राहिला. अर्धा कप, पाऊण कप, काठ, आणि काठावरून बोटांवर. मग तोटी आपण होऊन खटकन मिटली, सगळं सांगून झाल्यासारखी.

साउलेने डोळे मिटून घेतले.

दुइसेनबायनी काठोकाठ भरलेला कप सांभाळून फळीवर ठेवला. "व्याही," ते म्हणाले. "घालवून देणारे मी पाहिलेत. पण माझ्याच हाताने मला घालवून दिलंत, असं कुणी केलं नव्हतं."

"अहो, वाळू उतरती आहे!"

"सातशे किलोमीटर आलो."

"चाक रुतलंय! बुडबुडा बघा तो, कुठे गेलाय!"

"चल, बातिमा. सुनबाई, पोराला घे." त्यांनी हॅट मागून घेऊन डोक्यावर घातली.

ओराझालीने बायकोकडे पाहिलं. रैखान मात्र शांतपणे हात पुसत होती. "व्याही," ती म्हणाली, "निघा की. पण भाकरीला तोंड न लावता?"

दुइसेनबाय थबकले. भाकरी न चाखता उठायचं नाही. कप काठोकाठ भरून घालवून दिलं तरी नाही. या दोन रिवाजांची आजवर समोरासमोर गाठ पडली नव्हती, कारण आजवर कुठल्या यंत्राने चहा ओतला नव्हता.

"आणा मग भाकरी," ते म्हणाले.

ओराझालीने तव्यांची फट किलकिली केली आणि पुन्हा मिटली. "पाऊण तास," तो म्हणाला.

दुइसेनबाय बसले नाहीत, कारण त्यांना घालवून दिलेलं होतं. गेले नाहीत, कारण भाकरी चाखलेली नव्हती. उन्हात, कोट घालून, हात मागे बांधून ते उभे राहिले. दहा मिनिटांनी ऊन फार झालं तेव्हा ते मानाला धक्का न लावता पावाच्या सावलीत आले. सावली शेगडीच्या बाजूला होती.

"ज्योत पिवळी आहे," ते हवेला उद्देशून म्हणाले.

"उन्हात तशी दिसते," ओराझाली हवेलाच म्हणाला.

"चाळीस वर्षं ज्योत बघितलीय मी. वरचं ओझं तिला श्वास घेऊ देत नाही. तवा खालून जळतोय आणि वरून थंड आहे."

"वरून वाफेची उष्णता आहे!"

"वाफ तुमच्या छपरातून देवाकडे चाललीय." ते जवळ आले. "आणि ही रिव्हेट कुणी मारली?"

"मी मारली."

"का मारली?" दुइसेनबायनी खरोखरच्या वेदनेने विचारलं, आणि कोट काढला. "पाना आहे का?"

पाना होता. दोघांनी टाकी उतरवली, चार चाळण्या उतरवल्या. ओराझाली नट उजवीकडे फिरवायचा म्हणत होता आणि दुइसेनबाय डावीकडे, आणि तो नट दोघांच्या हयातीत सुटणार नव्हता, कारण तो स्तेपान इग्नातिचने वेल्ड केला होता. हे कळल्यावर दोघांनी मिळून वेल्डरांबद्दल काही शब्द उच्चारले. त्या दुपारी त्यांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट. ज्योत निळी झाली. तवे उलटे केले. एकाच्या कोपरापर्यंत काजळी, दुसऱ्याच्या शर्टाला चहाचा डाग, आणि दोघेही एकमेकांना 'तुम्हाला काही कळत नाही' हे आदराने सांगत होते.

तेवढ्यात पावाच्या मागून कांदा-मटण परतल्याचा वास आला.

ओराझालीने वाकून पाहिलं. तीन दगडांवर कढई होती. रैखान झारा फिरवत होती आणि विहीणबाई बातिमा किनाऱ्यावरच्या काटक्या सारत होती. दोघी कुठल्यातरी गोष्टीवर पोट धरून हसत होत्या.

"मटण कुठून आलं?" त्याने विचारलं.

"बाकाखाली होतं. बर्फात. कढईसकट."

"म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नव्हता!"

"होता ना," रैखान म्हणाली. "पक्का विश्वास होता. म्हणून तर आणलं."

भाकरी निघाली. एका अंगाने कोळसा, दुसऱ्या अंगाने कणीक. दुइसेनबायनी उभ्यानेच तिचा मधला तुकडा मोडला, तोंडात घातला आणि बराच वेळ चावला. सगळे त्यांच्या जबड्याकडे बघत होते.

"मीठ बरोबर आहे," ते म्हणाले, आणि खाली बसले. घालवून दिलेला माणूस कढईतलं परतलेलं मटण किती खाऊ शकतो, हे मग सगळ्यांनी पाहिलं.

जेवण उरकलं तशी विहीणबाईंनी पिशवीतून काळ्या-पांढऱ्या पिळाची दोरी काढली आणि सुरी काढली. साउलेने अर्नूरच्या पायांत दोरी बांधली. ओराझाली उठून उभा राहिला. दुइसेनबायही उठले. दोघांनी एकाच वेळी हात पुढे केले.

बातिमाने दोघांच्या काळ्या हातांकडे पाहिलं. "हाती घेतलेलं काम तडीस नेणारं माणूस हवं, असं कोण म्हणालं होतं?" तिने नवऱ्याला विचारलं. "आज इथे एकच काम तडीस गेलंय, आणि ते आपण आत्ता खाल्लं." तिने सुरी रैखानच्या हातात ठेवली.

रैखानने वाकून दोरी कापली. साउलेने पोराचे हात सोडले. अर्नूरने एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, तिसऱ्याला वाळूत बसला, पुन्हा उठला आणि आजीच्या घागऱ्याला जाऊन धडकला. टाळ्या झाल्या. ओराझालीनेही वाजवल्या, त्याच्या टाळ्या सगळ्यांत मोठ्या होत्या. मग तो पावाच्या मागे गेला आणि रुतलेल्या चाकाशी बसला.

त्याला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलायचं, फार वाईट वाटलं. रैखानबद्दल नाही. पण तीन महिने, छपराचं भोक, डबीतल्या तपासण्या, ऐंशी मंती, आणि सुरी त्याच्या हातापासून वीतभर अंतरावरून निघून गेली होती. टाकी उतरवताना खिशात टाकलेली तोटी त्याने काढली आणि दाबून पाहिली. स्प्रिंग ठणठणीत होती.

वाळूत पावलं वाजली. दुइसेनबाय आले. एका हातात रैखानची साधी किटली, दुसऱ्या हातात कप. ते शेजारी बसले.

"मलाही नाही मिळाली," ते म्हणाले.

"काय?"

"सुरी. ते वाक्य मी माझ्यासाठीच बोललो होतो, व्याही. मला वाटलं, तुम्ही म्हणाल, मग तुमच्याशिवाय दुसरं कोण? तर तुम्ही तळ्यावर बोलावलंत."

दुइसेनबायनी किटली तिरपी केली आणि कप त्याच्या पुढे धरला. कपाच्या तळाशी चहा होता. जेमतेम दोन घोट.

ओराझालीने तो प्यायला. त्याने कप परत दिला. पुन्हा दोन घोट आले. पुन्हा दिला, पुन्हा आले.

"वाळू उतरती होती," शेवटी ओराझाली म्हणाला.

दुइसेनबायनी हॅट मागे सारली, एक डोळा मिटला आणि फिटरच्या नजरेने वाळू बघितली, चाक बघितलं, दगड बघितला.

"होती खरी," ते म्हणाले, आणि कपात आणखी दोन घोट घातले.